जुनं सामान चालेल, जाळी मात्र नवीनच घ्या

पाऊस तोंडावर आला की खुराड्याचे प्रश्न वाढतात. त्यातले चार घेतोय.

प्रश्न (देवगड): दादा, घरात हापूसच्या जुन्या लाकडी पेट्या ढीगभर आहेत आणि बंदरावरून एक फाटकं जाळंही आणलंय. यात दहा गावठी कोंबड्यांचं खुराडं होईल का?

उत्तर: पेट्या अंडी घालायला मस्त. फूटभर लांब-रुंद खण करा, आत पेंढा टाका, चार-पाच कोंबड्यांना एक खण पुरतो. पण त्या फळ्या भिंतीला नको, पातळ असतात आणि एका पावसात खिळे गंजून सुटतात. भिंतीला घरदुरुस्तीतले वासे, रिपा, जुनी दारं घ्या, दहा कोंबड्या रात्री बसायला पाच बाय चार फूट जागा बास.

आता जाळ्याचं नीट ऐका. घार येऊ नये म्हणून आवारावर ताणायला ते चालेल, आधी गोड्या पाण्यात धुऊन घ्या. पण भिंतीला अजिबात लावू नका, उंदीर नायलॉन कुरतडतो, कुत्रा फाडतो आणि साप अडकला तर तुमच्याच हाताला धोका. षटकोनी कोंबडीजाळीचंही तेच, ती कोंबडीला आत ठेवते पण दिवसाढवळ्या येणाऱ्या मुंगसाला आणि रात्रीच्या रानमांजराला अडवेलच असं नाही. अर्ध्या इंच भोकांची गॅल्व्हनाइज्ड वेल्डमेश, म्हणजे जस्त चढवलेली, सांधे वेल्ड केलेली चौकोनी तारजाळी, विकत घ्या, बाकी सगळं फुकट मिळालं तरी इथे पैसे वाचवू नका हो, एका फटीपायी अख्खा कळप जातो.

प्रश्न (रत्नागिरी): आमच्याकडे सगळा कातळ. जाळी जमिनीत पुरता येत नाही, मग खालून उकरून काही आत आलं तर?

उत्तर: पुरायची गरजच नाही. भिंतीची जाळी खाली बाहेरच्या बाजूला दीड फूट आडवी वळवा आणि तिच्यावर फुटके चिरे रचा. उकरणारं जनावर भिंतीच्या कडेला उकरायला लागतं आणि तिथेच जाळी आडवी येते. त्यापेक्षाही चांगलं म्हणजे चिऱ्यांचे खांब करून खुराडं दोन फूट उचला, पाणीही खालून निघून जाईल.

प्रश्न (गुहागर): दादा, पावसात झड आत येते म्हणून चारही बाजूंनी ताडपत्री बांधली, तर आत डोळे चुरचुरण्याइतका वास येतो आणि कोंबड्या शिंकतात. काय करू?

उत्तर: ताई, आजच सोडा ती ताडपत्री. तो वास अमोनियाचा आहे, ओल्या विष्ठेतून निघतो आणि हवा कोंडली की आधी कोंबडीच्या छातीवर बसतो. आपल्याकडे पाऊस नैऋत्येकडून झोडपतो म्हणून ती एकच बाजू बंद ठेवा, दार पूर्वेला करा आणि बाकी बाजूंना छपराखालचा हातभर पट्टा नुसत्या जाळीचा ठेवा. छप्पर भिंतीच्या दोन फूट बाहेर काढलंत की पागोळ्या आणि झड दोन्ही बाहेरच राहतात. घराची उतरवलेली मंगलोरी कौलं असतील तर हीच संधी, पत्र्यापेक्षा उन्हाळ्यात कितीतरी थंड, फक्त कौलांखाली जाळी मारा नाहीतर उंदीर-साप तिथूनच येणार. तळाला भाताचा तूस तीन इंच पसरा, रोज उलटा करा आणि गोळे झालेला भाग लगेच काढून माडाच्या आळ्याजवळच्या खतखड्ड्यात टाका. ओला तूस राहिला की पिल्लांना रक्ती हगवण लागते, आणि ती लागली की पिल्लं पटापट जातात. एवढं करूनही शिंका थांबल्या नाहीत तर मात्र पशुवैद्यकीय दवाखाना गाठा, मानमोडीची (राणीखेत रोगाची) सुरुवातही अशीच होऊ शकते. लसी दिल्यात ना?

प्रश्न (श्रीवर्धन): फुटकी काळी पाण्याची टाकी आणि जुने सिमेंट पत्रे आहेत. वापरू?

उत्तर: टाकी चालेल, धुवायला सोपी आणि गोचीड लपायला फटी नाहीत. समोरासमोर दोन मोठ्या खिडक्या कापून जाळी लावा आणि आंब्या-फणसाच्या सावलीत ठेवा, माडाखाली नको, झावळी किंवा नारळ पडला तर कोंबड्या मरतील. जुन्या सिमेंट पत्र्यात ॲस्बेस्टॉस असतं, तो कापू नका, भोक पाडू नका, ती धूळ फुप्फुसात जाते. अख्खा बसत असेल तरच ठेवा, फुटका असेल तर हातही लावू नका.