पॉवर बीआयला (मायक्रोसॉफ्टचं रिपोर्ट बनवायचं साधन) वेबवरची सीएसव्ही (साध्या मजकुरातली तक्त्याची फाइल) जोडली तर सर्व्हिसवर, म्हणजे त्याच्या ऑनलाइन भागात, रिफ्रेश अडतं, रोज हाताने डाउनलोड करणंच बरं का?

नाही, अजिबात बरं नाही. आणि हे जरा चिडूनच लिहितेय कारण याच मुद्द्यावर माझं आमच्या टीम लीडशी कित्येकदा वाजलंय.

आमच्याकडे स्टॉकची सीएसव्ही दुसऱ्या विभागाच्या सर्व्हरवर रोज अपडेट व्हायची, मी ती वेब कनेक्टरने, म्हणजे थेट लिंक देऊन, जोडलेली, सगळं सुरळीत. एक दिवस त्या लोकांनी कुणाला न सांगता मध्ये लॉगिनचं पान टाकलं. झालं, लिंकवरून फाइलऐवजी त्या पानाचा एचटीएमएल कोड यायला लागला आणि रिफ्रेश फेल, 'आयटम कोड' कॉलम सापडत नाही म्हणून एरर. एररचा मेल मला आला, बिघाडाचं कारणही मी त्याच सकाळी शोधून दिलं, तरी लीडचं एकच, "लिंकचा भरवसा नाही, उद्यापासून फाइल डाउनलोड करून फोल्डरमध्ये टाकायची."

ते काम ज्युनिअर मुलाच्या गळ्यात पडलं. आता जुनी फाइल तिथे आहेच म्हटल्यावर ब्राउझरने नव्या फाइलच्या नावापुढे कंसात 1 लावला, मग 2, मग 3, आणि रिपोर्ट आपला मूळ नावाचीच फाइल वाचतोय. रिफ्रेश हिस्टरीत रोज 'कम्प्लीटेड' आणि आकडे जुनेच! संपलेला माल स्क्रीनवर शिल्लक दिसत होता. लिंक तुटली तेव्हा निदान बोंब तरी झाली होती, इथे कुणाला पत्ताच नाही. बोलणी बसली त्या पोराला, त्याचा मला अजून राग आहे.

तुमचं म्हणाल तर, फाइलच्या नावात तारीख असते म्हणून तुम्ही पूर्ण लिंक फॉर्म्युल्याने बनवता असं लिहिलंय, तिथेच अडतंय. सर्व्हिसला क्वेरी चालवायच्या आधीच मूळ पत्ता कळावा लागतो. वेब.कंटेंट्स या लिंकवरून फाइल आणणाऱ्या फंक्शनमध्ये पहिल्या जागी न बदलणारा पत्ता द्या, तारखेचा भाग त्याच्याच रिलेटिव्हपाथ या पर्यायात टाका. सर्व्हिसवर क्रेडेन्शियल (लॉगिनची माहिती) देताना मूळ पत्त्यावर एरर आली तर 'स्किप टेस्ट कनेक्शन' टिक करा.

लिंक मुळात फाइलची आहे ना, तेही बघा. इनकॉग्निटोमध्ये उघडा, पान दिसलं तर पॉवर बीआयलाही पानच मिळणार. ड्रॉपबॉक्सची असेल तर शेवटचं डीएल=0 बदलून डीएल=1 करा, गिटहबची असेल तर रॉ लिंक घ्या. फाइल यूटीएफ-8 आणि आत देवनागरी असेल तर एन्कोडिंग 65001 (म्हणजे यूटीएफ-8च) ठेवा, 1252 (युरोपीय अक्षरांचं) राहिलं तर अक्षरांचा पार चुराडा होतो.

हां, लिंकमागे ओटीपीवालं लॉगिन असेल तर वेब कनेक्टर तिथे काही करू शकत नाही, फाइलवाल्यांकडे एपीआय, म्हणजे प्रोग्रामने थेट डेटा घ्यायची सोय, मागा. आणि आत लोकांची नावं, फोन नंबर असतील तर तसली फाइल उघड्या लिंकवर ठेवूच नका, तिथे मीही डाउनलोडच्याच बाजूने. पण मग फोल्डर कनेक्टर घ्या, गेटवे (तुमच्या फोल्डरपर्यंत सर्व्हिसला पोचवणारा प्रोग्राम) लावा, डेट मॉडिफाइडवरून सगळ्यात नवी फाइल उचला आणि ती तारीख रिपोर्टवर वरच ठळक दाखवा. आकडे जुने आहेत हे लीडला स्वतःच्या डोळ्यांनी दिसू दे, नंतर ज्युनिअरवर ढकलायला जागा नको.