देवाला शरण गेल्यावर 'आता पुरेसं आहे' असं खरंच वाटतं का?

हो, वाटतं, पण दुखणं नाहीसं होतं म्हणून नव्हे. येशूचा प्रेषित पौल याच्या देहात एक काटा सलत होता. तो दूर व्हावा म्हणून त्याने तीनदा विनवणी केली. काटा राहिला, उत्तर मात्र मिळालं: 'माझी कृपा तुला पुरे आहे' (बायबल, २ करिंथ १२:९). काटा नेमका कसला, हे त्याने सांगितलं नाही. मला ते बरंच वाटतं, प्रत्येकाला आपलं दुखणं तिथे ठेवता येतं.

शरण जाणं म्हणजे हात टेकणं नाही. अटकेच्या रात्री गेथशेमाने बागेत येशूनेही आधी दुःखाचा प्याला टळावा असंच मागितलं, मग पित्याच्या इच्छेवर सोपवलं. तेव्हा आधी मनातलं सगळं बोला, रडत बोला. काल सोपवलेली काळजी आज आपण पुन्हा उचलतो. ती पुन्हा सोपवायची.