तक्ता फ्रिजवर, साखर तिथेच

प्रश्न : ताई, मी कळव्याला राहते, वय 52. मधुमेहाच्या गोळ्या चालू आहेत, तरी यंदा एचबीए1सी (गेल्या तीनेक महिन्यांच्या सरासरी साखरेची तपासणी) 8.4 आलं. डॉक्टरांनी ठाण्यातल्या बायकांच्या आहारगटात जायला सांगितलंय. आहाराचा तक्ता माझ्या फ्रिजवर लावलेला आहेच, मग चारचौघींत आपली साखर कशाला सांगायची? शिवाय माझा गुरुवारचा उपास असतो. तो सोडायला लावतील का?

उत्तर : जा, नक्की जा. तक्त्यात ‘रात्री दोन फुलके, वाटीभर भाजी’ असतं. पण सगळ्यांची जेवणं उरकल्यावर पातेल्यातला उरलेला भात आणि नातवाने टाकलेली अर्धी पोळी आपण संपवतो, त्याला तक्त्यात रकानाच नाही. मी नौपाड्यात असे गट घेते. एकटीला विचारलं की बायका मला तक्ताच म्हणून दाखवतात. गटात मात्र एखादी म्हणते, ‘अन्न टाकवत नाही हो,’ आणि बाकीच्या माना डोलावतात. मग तिथेच ठरतं, की भात मोजून लावायचा आणि आपलं ताट सगळ्यांबरोबरच वाढून घ्यायचं. माझ्या सांगण्यापेक्षा शेजारणीचं सांगणं लवकर पटतं.

आमच्याकडे एक दिवस सगळ्या डबा आणतात. वर्तकनगरच्या एका काकूंना वाटायचं, ज्वारीची भाकरी कितीही चालते. तीन भाकऱ्या नि पिठलं जेवल्या. पहिल्या घासापासून दोन तासांनी बोट टोचलं, तर 236! पुढच्या खेपेला आधी काकडी-टोमॅटो, मग मेथीची भाजी, मटकीची उसळ आणि एकच भाकरी. जेवून तलावपाळीला पंधरा मिनिटं चालून आल्या. आकडा आला 172. जेवणानंतर तो साधारण 180 च्या आत हवा. ज्वारीतही पिष्ट असतंच; भाजी-उसळ आधी पोटात गेली की त्याची साखर सावकाश चढते आणि चालताना स्नायू ती वापरतात. त्या दिवशी बाकीच्यांनी न सांगता आपापल्या डब्यातल्या पोळ्या मोजल्या.

आकडा सांगायची सक्ती नसते. पहिल्यांदा नुसतं ऐकलंत तरी चालेल. येताना औषधांची चिठ्ठी आणि घरची भाताची वाटी आणा. कुणाची वाटी आमटीची असते, कुणाची खिरीची, आणि तक्त्यातली ‘एक वाटी’ तिथेच फसते.

उपास सोडायला कुणी सांगणार नाही. पण साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ पिष्ट, त्यात खिचडीला बटाटा! त्यापेक्षा दही, काकडीची कोशिंबीर, मूठभर शेंगदाणे, राजगिऱ्याची एखादी भाकरी बरी. गूळ घातला म्हणून लाडू चालत नाही, गुळानेही साखर वाढतेच. आणि हे मात्र मनावर घ्या : ग्लिमेपिराइडसारखी गोळी किंवा इन्सुलिन चालू असेल, तर गुरुवारचा डोस किती घ्यायचा ते डॉक्टरांना आधीच विचारा. घाम फुटला, हात थरथरले, साखर 70 च्या खाली गेली, तर उपास तिथेच मोडा. तीन चहाचे चमचे साखर पाण्यात घालून प्या, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासा आणि मग नीट जेवा.