गणित घेऊन बीएस्सी: वाचकांचे प्रश्न

प्रश्न: मुलीला बारावीत गणितात चांगले गुण आहेत. इंजिनीअरिंगला जायचं नाही, गणितातच बीएस्सी करायचं म्हणते. आमची दोन एकर केळी आहे, मोठा खर्च झेपणारा नाही. भाऊबंद म्हणतात, गणित शिकून मास्तरकीशिवाय काय मिळणार? काय करावं?
(एक पालक, यावल तालुका)

उत्तर: तुमच्याच केळीपासून सुरुवात करू. हवामानावर आधारित फळपीक विम्यात केळी येते. थंडीत किमान तापमान ठरलेल्या अंशाखाली सलग काही दिवस राहिलं की भरपाई मिळते. त्या विम्याचा हप्ता किती असावा, हे कोणीतरी गणित करूनच ठरवतं.

समजा, एका महसूल मंडळाची २५ वर्षांची तापमानाची नोंद आहे आणि त्यांतल्या ४ वर्षी अशी थंडी पडली. संभाव्यता ४ भागिले २५, म्हणजे ०.१६. हेक्टरी भरपाई ३०,००० रुपये धरली तर निव्वळ जोखमीचा हप्ता ४,८०० रुपये येतो. इथवर दहावीचं गणित पुरतं. खरा प्रश्न पुढे आहे. २५ वर्षं म्हणजे फार थोडी नोंद. ०.१६ या आकड्यातली प्रमाण त्रुटी (तो साधारण किती इकडेतिकडे असू शकतो याचं माप) ०.१६ गुणिले ०.८४ भागिले २५ याच्या वर्गमुळाइतकी, म्हणजे सुमारे ०.०७ आहे. एवढी त्रुटी दोन्ही बाजूंना धरली तरी हप्ता साधारण २,६०० पासून ७,००० रुपयांपर्यंत कुठेही असू शकतो. कमी धरला तर कंपनी बुडते, जास्त धरला तर शेतकरी विमाच काढत नाही. ही अनिश्चितता मोजणारी, शेजारच्या मंडळांची नोंद जोडून ती कमी करणारी माणसं विमा कंपन्यांना, बँकांना आणि सरकारी सांख्यिकी खात्यांना लागतात. ती गणित आणि संख्याशास्त्रातूनच येतात.

विम्यातल्या या पेशाला ॲक्च्युअरी म्हणतात. इन्स्टिट्यूट ऑफ ॲक्च्युअरीज ऑफ इंडियाची एसीईटी ही प्रवेश परीक्षा बारावीनंतर देता येते. त्यापुढचे पेपर एकेक करून सोडवायचे असतात. सगळे सुटायला कित्येक वर्षं जातात, पण सुरुवातीचे तीन-चार सुटले की नोकरीसाठी अर्ज करता येतो. पदवीचा अभ्यास चालू ठेवून सीएस१ हा संख्याशास्त्राचा आणि सीएम१ हा वित्तीय गणिताचा पेपर आधी घ्यावा, कारण त्यांचा बराच भाग कॉलेजच्या अभ्यासाशी जुळतो. प्रत्येक पेपरची फी वेगळी असते आणि नापास झालं तर ती पुन्हा भरावी लागते. म्हणून तयारी पक्की झाल्याशिवाय फॉर्म भरू नये.

मास्तरकीलाही कमी लेखू नका. मात्र नुसत्या बीएस्सीवर शिक्षकाची नोकरी नाही. पुढे दोन वर्षांचं बीएड, त्याची सीईटी, नंतर टीईटी (शिक्षक पात्रता परीक्षा) आणि टेट (शिक्षक अभियोग्यता व बुद्धिमत्ता चाचणी), मग पवित्र पोर्टलवरून भरती, असा तो रस्ता आहे. भरती कधी निघेल याचा भरवसा नसतो. मुलगी गणितात रमत असेल तर तिला जाऊ द्या. पण बीएस्सी झाली की नोकरी दारात येते, अशी समजूत घरात कोणीच करून घेऊ नये. सोबत दुसरं एक कौशल्य हवंच. पुढचा प्रश्न त्याबद्दलच आहे.

प्रश्न: एफवायला मेजर (मुख्य विषय) गणित घेतलं आहे. मायनरला (दुय्यम विषयाला) फिजिक्स, स्टॅटिस्टिक्स की कॉम्प्युटर? सीनियर सांगतात, ज्यात मार्क पडतात ते घे.
(एक विद्यार्थी, शिरपूर)

उत्तर: सीनियरचा सल्ला ऐकू नका. मार्कांचा विचार सहा महिन्यांपुरता असतो, मायनरचा परिणाम नोकरीच्या अर्जापर्यंत जातो.

यूपीएससीच्या इंडियन स्टॅटिस्टिकल सर्व्हिसला पदवीत स्टॅटिस्टिक्स, मॅथेमॅटिकल स्टॅटिस्टिक्स किंवा अप्लाइड स्टॅटिस्टिक्स हा एक विषय असावा लागतो, नाहीतर त्या विषयात एमएस्सी. गणितात कितीही गुण असले तरी हा विषय नसेल तर अर्ज बाद होतो. एसएससीच्या (केंद्राच्या कर्मचारी निवड आयोगाच्या) सीजीएल परीक्षेतल्या ज्युनियर स्टॅटिस्टिकल ऑफिसर पदासाठी बारावीत गणिताला ६० टक्के किंवा पदवीत स्टॅटिस्टिक्स, दोन्हींपैकी एक चालतं. म्हणून सरकारी नोकरीकडे ओढा असेल तर स्टॅटिस्टिक्स घ्या. नव्या शैक्षणिक धोरणाच्या रचनेत एखादा दोन क्रेडिटचा कोर्स करून ‘विषय होता’ असं सांगता येईल, यावर विसंबू नका. गुणपत्रकावर तो विषय ठळक दिसला पाहिजे.

एमसीए करायचं असेल तर कॉम्प्युटर मायनर उपयोगी, पण सक्तीचा नाही. एमसीएच्या सीईटीला बारावी किंवा पदवीत गणित असलेला पदवीधर चालतो. प्रोग्रॅमिंग घरीही शिकता येतं. पायथॉन घ्या आणि वर्गात शिकलेली प्रत्येक पद्धत त्यात लिहून पाहा: न्यूटन-रॅफसन, मॅट्रिक्सचं रो-रिडक्शन, संभाव्यतेचे प्रयोग. एसवाय संपेपर्यंत अशा वीस-पंचवीस छोट्या फायली जमल्या तर मुलाखतीत दाखवायला काहीतरी हातात असतं.

फिजिक्स मनापासून आवडत असेल तरच घ्या.

प्रश्न: एसवायला रिअल ॲनालिसिसमध्ये नापास झालो. बारावीपर्यंत गणितात कधी कमी मार्क नव्हते. सगळी थिअरम्स पाठ केली होती.
(एक विद्यार्थी, अमळनेर)

उत्तर: पाठ केली होती, अडचण तिथेच आहे. बारावीपर्यंत गणित म्हणजे उत्तर काढणं. ॲनालिसिसमध्ये उत्तर आधीच दिलेलं असतं, ते खरं का आहे हे लिहायचं असतं. हा बदल वर्गात बहुधा कोणी सांगत नाही आणि हुशार मुलं याच विषयात अडखळतात.

एक उदाहरण सावकाश पाहू. क्रमिकेचं न वं पद (२न + १)/(न + ३) आहे. तिची सीमा २ आहे हे सिद्ध करायचं.

आधी कच्च्या कागदावर फरक काढा. पदातून २ वजा केले की अंशात २न + १ − २न − ६ म्हणजे −५ उरतात. म्हणून फरकाचं केवलमूल्य ५/(न + ३), आणि ते ५/न पेक्षा लहान. ५/न हे एप्सिलॉनपेक्षा (दिलेल्या कितीही लहान धन संख्येपेक्षा) लहान हवं, म्हणजे न हा ५/एप्सिलॉनपेक्षा मोठा हवा.

आता पक्कं लिखाण उलट्या क्रमाने: ‘कोणताही धन एप्सिलॉन दिला आहे. ५/एप्सिलॉनपेक्षा मोठी अशी एक नैसर्गिक संख्या म निवडू. मग म पेक्षा मोठ्या प्रत्येक न साठी फरक ५/न पेक्षा लहान, म्हणून एप्सिलॉनपेक्षा लहान.’ झालं. एप्सिलॉन ०.०१ असेल तर म साठी ५०१ घ्या. खरं तर ४९७ पुरतो, पण सर्वांत लहान म शोधायची गरज नसते. एक सापडला की पुरे. या नको त्या शोधात परीक्षेत दहा-दहा मिनिटं जातात.

गुण जातात ते बहुतेक शब्दांच्या क्रमापायी. ‘प्रत्येक एप्सिलॉनसाठी एक म असतो’ याऐवजी मुलं ‘एक म असा आहे की प्रत्येक एप्सिलॉनसाठी...’ असं लिहून जातात. वाचायला सारखंच वाटतं, पण दुसरं वाक्य खरं मानलं तर म नंतरच्या पदांचा २ शी फरक प्रत्येक धन संख्येपेक्षा लहान, म्हणजे शून्यच ठरतो. आपल्या क्रमिकेत तो ५/(न + ३) आहे, तो शून्य कधीच होत नाही. म्हणून ते वाक्य चूक. म हा एप्सिलॉन पाहूनच निवडला जातो, हे एकदा हाताने करून कळलं की सातत्य आणि एकसमान सातत्य यांतला फरकही सोपा होतो, कारण तिथेही हाच क्रमाचा प्रश्न आहे.

रोजचा सराव असा ठेवा: एक प्रमेय वाचा, पुस्तक मिटा, स्वतःच्या शब्दांत लिहा. नंतर त्यातली एक अट काढून टाका आणि प्रमेय कुठे मोडतं त्याचं उदाहरण शोधा. उदाहरणार्थ, बंद अंतरालावर सततफल (कंटिन्युअस फंक्शन) मर्यादित असतं, पण बंद अंतरालाऐवजी खुला अंतराल घेतला तर १/क्ष हे सततफल ० आणि १ च्या मध्ये मर्यादित राहत नाही. दिवसाला दोन प्रमेयं अशी केली तरी पुरतात. दहा पाठ करण्यात काही हशील नाही.

प्रश्न: टीवायला आहे, मराठी माध्यमातून शिकले. एमएस्सी जळगावला करावी की बाहेर? जॅम परीक्षा मला जमेल का?
(एक विद्यार्थिनी, नंदुरबार)

उत्तर: जळगावच्या कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठात गणित आणि संख्याशास्त्र दोन्हींचं एमएस्सी आहे. घराजवळ आणि कमी खर्चात शिकायचं तर हा चांगला पर्याय आहे. गणिताच्या शिक्षणाला आधार देण्याची रीत खान्देशात जुनी आहे. भास्कराचार्यांचे ग्रंथ शिकवण्यासाठी त्यांचा नातू चंगदेव याने मठ काढल्याचा तेराव्या शतकाच्या सुरुवातीचा शिलालेख चाळीसगावजवळच्या पाटण्याला आहे, आणि त्या मठाला बाजारातल्या विक्रीतून व तेलाच्या घाण्यांवरून वाटा लावून दिल्याचंही त्यात कोरलेलं आहे.

तरीही जॅम द्याच. आयआयटींत एमएस्सीला प्रवेश त्यावर मिळतो. पेपर ३ तासांचा, ६० प्रश्न, १०० गुण. ३० प्रश्न एका बरोबर पर्यायाचे, १० प्रश्नांत एकाहून जास्त पर्याय बरोबर असू शकतात, आणि २० प्रश्नांत उत्तराची संख्या टाइप करायची. चुकीला गुण कापतात ते फक्त पहिल्या ३० मध्ये. म्हणून संख्येचे प्रश्न कोरे सोडू नका, आणि पहिल्या भागात अंदाजपंचे खुणा करू नका.

फॉर्म साधारण सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये निघतात, परीक्षा फेब्रुवारीत होते. आपल्या भागातल्या मुलांना डिसेंबरात कळतं आणि वर्ष जातं. दुसरी नेहमीची चूक दाखल्याची. ओबीसी किंवा ईडब्ल्यूएस असाल तर केंद्राच्या नमुन्यातला आणि चालू वर्षाचा दाखला लागतो. राज्याचा जुना दाखला जोडला तर तो नाकारला जातो. सेतूमध्ये अर्ज देताना ‘केंद्राच्या नमुन्यात’ हे शब्द आवर्जून सांगा.

पेपर इंग्रजीत असतो, पण ते इंग्रजी थोडं आणि तेच तेच आहे. ‘देअर एक्झिस्ट्स’, ‘फॉर एव्हरी’, ‘इफ अँड ओन्ली इफ’, ‘ॲट मोस्ट’, ‘ॲट लीस्ट’, असे साठ-सत्तर शब्दप्रयोग वहीत मराठी अर्थासह लिहा. ‘ॲट मोस्ट’ म्हणजे ‘जास्तीत जास्त’ आणि ‘ॲट लीस्ट’ म्हणजे ‘कमीत कमी’, यांची उलटापालट झाली की येत असलेलं गणितही चुकतं. आधीच्या वर्षांचे पेपर वेळ लावून सोडवा, किमान आठ.

प्राध्यापक व्हायचं असेल तर एमएस्सीला ५५ टक्के, आरक्षित प्रवर्गाला ५०, आणि त्यानंतर सेट (राज्याची) किंवा नेट (देशपातळीवरची) ही प्राध्यापकांची पात्रता परीक्षा. सेटला चुकीच्या उत्तराचे गुण कापत नाहीत, म्हणून एकही प्रश्न सोडू नये. कायम जागा निघेपर्यंत अनेकांना तासिका तत्त्वावर काम करावं लागतं, तेव्हा सेटच्या तयारीसोबत स्टॅटिस्टिक्स किंवा पायथॉन चालू ठेवा. आणि धाकटी भावंडं एफवाय-एसवायला असतील तर माधव गणित स्पर्धेचा आणि एमटीटीएस (मॅथेमॅटिक्स ट्रेनिंग अँड टॅलेंट सर्च) या उपक्रमाच्या चार आठवड्यांच्या उन्हाळी शिबिराचा अर्ज त्यांच्याकडून आत्ताच भरून घ्या. शिबिराला निवड झाली तर शिकवण्याची फी नसते.