जुन्या सेकंड हँड गाडीला एअरबॅगचा रिकॉल आलाय. गाडी उत्तम चालते, तरी न्यायलाच हवी का?

न्यायलाच हवी. आणि पुढच्या सर्व्हिसिंगच्या वेळी बघू असं नाही, याच आठवड्यात फोन करून तारीख घ्या.

तुम्ही लिहिलंय की सेडान २०११ ची आहे, तुम्ही दुसरे मालक, राहायला अलिबागला, गाडीने आजवर एकदाही दगा दिलेला नाही, पुढच्या वर्षी ती काढूनच टाकायची आहे, आणि शोरूमची पायरी चढलं की काही ना काही बिल फाटतंच. शिवाय रिकॉलचा, म्हणजे दोष दुरुस्त करायला कंपनीने गाडी परत बोलावल्याचा, मेसेज तुम्हाला नाही, जुन्या मालकाला आला आणि त्याने तो आठवणीने तुमच्याकडे पाठवला. हे शेवटचं वाक्य वाचलं आणि उत्तर लिहायला बसलो. त्या माणसाला माझा नमस्कार सांगा. असा माणूस आम्हाला भेटला असता तर माझी बायको आणि आई कुंभार्ली घाटात अडकल्या नसत्या.

आधी तुमच्या एअरबॅगचं सांगतो. तुम्ही सांगितलेला ड्रायव्हरच्या बाजूचा इन्फ्लेटर आणि २०११ चं मॉडेल म्हटल्यावर हे बहुतेक टकाटाचंच प्रकरण असणार. टकाटा ही जपानी कंपनी होंडा, टोयोटा, निस्सान, बीएमडब्ल्यू, फोर्ड अशा कितीतरी गाड्यांना एअरबॅग पुरवायची. इन्फ्लेटर म्हणजे स्टिअरिंगच्या मधोमध बसवलेली धातूची डबी. धडक बसली की आतलं रसायन पेटतं, वायू तयार होतो आणि पिशवी फुगते. टकाटाने त्यासाठी अमोनियम नायट्रेट वापरलं आणि बऱ्याचशा डब्यांत ओलावा शोषून घेणारं द्रव्य घातलंच नाही. दिवसा तापणं, रात्री गार होणं आणि दमट हवा, असं वर्षानुवर्षं चाललं की त्या रसायनाच्या वड्या भुसभुशीत होतात. मग धडकेच्या वेळी ते ठरल्यापेक्षा फार झपाट्याने जळतं, डबीच फुटते आणि तिचे तुकडे चालवणाऱ्याच्या तोंडात, गळ्यात घुसतात. अमेरिकेत अशाने किमान २८ माणसं गेली. त्यातल्या काही धडका इतक्या किरकोळ होत्या की एरवी बंपर बदलून काम भागलं असतं. तिथे सुमारे ६.७ कोटी इन्फ्लेटर परत बोलवावे लागले. टकाटाने २०१७ मध्ये न्यायालयात गुन्हा कबूल केला आणि त्याच वर्षी दिवाळखोरीत गेली. आपल्याकडे होंडाने एकट्या जुलै २०१६ मध्ये १,९०,५७८ गाड्या याच कारणासाठी बोलावल्या होत्या.

अमेरिकेत प्राधान्याने कुठल्या गाड्या बोलावल्या माहीत आहे? फ्लोरिडा, हवाई, पोर्तो रिको, मेक्सिकोच्या आखाताचा किनारा. म्हणजे जिथे उष्मा आणि दमटपणा बारा महिने. तुम्ही अलिबागला राहता. आमच्या चिपळुणात पावसाळ्यात कपाटातल्या चपलांना बुरशी येते, तुमच्याकडे वेगळं काही नसणार. शिवाय हा दोष गाडीच्या वयाबरोबर वाढत जातो. तेव्हा ‘इतकी वर्षं काही झालं नाही’ हा तुमचा मुद्दा तुमच्याच विरुद्ध जातो. एअरबॅग रोज चालवून बघायची वस्तूच नाही. ती बरी आहे की बिघडली आहे, हे फक्त धडकेच्या क्षणी कळतं.

आता ‘गाडी उत्तम चालते’ या वाक्याबद्दल. हे वाक्य मी माझ्या साडूंच्या तोंडून इतक्यांदा ऐकलंय की मला त्याची चीड आहे.

आमची हॅचबॅक साडूंकडूनच घेतलेली. ते पुण्याला, आम्ही चिपळूणला. गाडी खरोखर छान ठेवलेली होती, सीटवर डाग नाही, सर्व्हिसचं पुस्तक भरलेलं. घरातलाच व्यवहार, त्यामुळे घासाघीस न करता ठरलेली रक्कम दिली, आरटीओत नाव बदलून घेतलं. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण माझं भांडण कंपनीशी नाही.

वर्ष-दीड वर्ष बरं गेलं. मग एक दिवस बायको आईला घेऊन कराडला डोळ्यांच्या डॉक्टरकडे निघाली. कुंभार्ली घाटाच्या अर्ध्या चढावर, पुढे उसाचा ट्रक, मागे टेम्पो, आणि वळणावर इंजिन बंद. धक्का नाही, आवाज नाही, नुसतं बंद. इंजिन बंद पडलं की ब्रेकला मिळणारी मदतही जाते. पहिल्या दोन दाबांना पेडल खाली गेलं, तिसऱ्याला दगडासारखं घट्ट. गाडी मागे सरकायला लागली. बायकोने हँडब्रेक ओढून धरला आणि टेम्पोचा क्लीनर उतरून धावत आला, त्याने रस्त्याकडेचे दोन धोंडे उचलून मागच्या चाकांखाली सरकवले. घाटात असे धोंडे जागोजागी पडलेले दिसतात, ते कशासाठी असतात ते त्या दिवसापासून आमच्या घरात सगळ्यांना नीट कळलं. अर्ध्या तासाने चावी फिरवली तर गाडी सुरू, जणू काही झालंच नव्हतं.

त्यानंतर गॅरेजच्या वाऱ्या. एकाने पेट्रोलमध्ये पाणी आहे म्हणून टाकी साफ केली. दुसऱ्याने प्लग बदलले. तिसरा म्हणाला बॅटरीचं टर्मिनल सैल आहे. सगळे प्रामाणिक होते, मी त्यांना दोष देत नाही. गाडी त्यांच्यासमोर कधी बंदच पडायची नाही, आणि जो दोष डोळ्यांसमोर येत नाही तो कोणी कसा धरणार? बायकोने मात्र घाटात गाडी घालायची नाही असं ठरवून टाकलं होतं. उत्तम गाडी चालवणारी बाई कराडला एसटीने जायला लागली, हे मला फार लागलं.

शेवटी काच बदलण्याच्या निमित्ताने कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला गेलो. काउंटरवरच्या मुलाने चेसिस नंबर टाकला आणि सहज म्हणाला, “सर, यावर कॅम्पेन ओपन आहे. फ्युएल पंप. तुम्हाला कॉल आला नाही?” रिकॉलला वर्कशॉपमध्ये कॅम्पेन म्हणतात. त्याने स्क्रीन माझ्याकडे वळवली. मालक म्हणून साडूंचं नाव, साडूंचा मोबाइल, पुण्याचा पत्ता. खाली नोंदी: मेसेज पाठवला, पत्र पाठवलं, फोन केला, प्रतिसाद नाही. घाटातल्या त्या दिवसाच्या कितीतरी आधीच्या तारखा.

दोष असा होता की पंपाच्या आत प्लॅस्टिकची एक दातेरी चकती फिरते, इंपेलर. ती पेट्रोल शोषून हळूहळू फुगते, बाजूच्या भिंतीला घासते आणि अडकते. पंप अडकला की इंजिनला पेट्रोल नाही. थोडं निवलं की पुन्हा फिरते. आमच्या गाडीचं तंतोतंत तेच. मेकॅनिकने मागची सीट उचलली, खालचं झाकण उघडलं, पंपाचा अख्खा संच बाहेर काढला आणि नवा बसवला. चहा पिऊन येईपर्यंत काम झालं. जॉब कार्डवर रक्कम शून्य. पेट्रोलचा वास तेवढा दिवसभर गाडीत राहिला.

मी तिथूनच साडूंना फोन लावला. ते म्हणाले, “अहो, कंपनीचे मेसेज येतच असतात. पत्र आलं होतं खरं. पण चालत्या गाडीला उगाच कशाला हात लावायचा? आणि गाडी तुमच्या नावावर केली तेव्हाच माझा संबंध संपला.” मी विचारलं, पत्र वाचलं होतंत ना? वाचलं होतं. मग खरं कारण बाहेर आलं: “तुम्हाला कळवलं असतं तर तुम्ही म्हणाला असता, साडूने खराब गाडी गळ्यात मारली.”

इथेच सगळं चुकतं आणि त्यात साडू एकटे नाहीत. रिकॉल निघाला म्हणजे गाडीला डाग लागला, विकताना किंमत पडेल, चार लोक नावं ठेवतील, म्हणून गप्प बसायचं. उलट आहे. गाडी परत बोलावणारी कंपनी परवडली, लपवणारी नको. अमेरिकेत जनरल मोटर्सच्या इग्निशन स्विचमध्ये दोष होता, चालत्या गाडीत चावी आपोआप मागे सरकायची, इंजिन बंद पडायचं आणि एअरबॅगही उघडायची नाही. कंपनीतल्या लोकांना हे जवळपास दहा वर्षं ठाऊक होतं. २०१४ मध्ये गाड्या बोलावल्या तोवर माणसं गेली होती. कंपनीच्याच भरपाई निधीने १२४ मृत्यूंचे दावे मान्य केले. दुरुस्ती होईपर्यंत मालकांना सांगितलं होतं की चावीला दुसरं काही अडकवू नका, नुसती चावी वापरा, कारण गुच्छाच्या वजनानेही ती सरकायची. त्या गाड्यासुद्धा बंद पडेपर्यंत ‘उत्तम चालत’ होत्या.

आणि ‘माझा संबंध संपला’ हे मला अजिबात मान्य नाही. कंपनीच्या यादीत ज्याचा नंबर, धोका फक्त त्याला कळतो. तो गप्प बसला तर गाडी चालवणाऱ्याला कळायचा मार्गच उरत नाही. कायद्याने जबाबदारी असो वा नसो, एक मेसेज पुढे पाठवायला काय लागतं?

कायद्याचं विचारलंत म्हणून थोडक्यात. २०१२ पासून वाहन उत्पादकांच्या सियाम या संघटनेची ऐच्छिक संहिता आहे, त्यामुळे कंपन्या आपणहून रिकॉल जाहीर करतात. २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात ११०-ए हे कलम आलं, त्याने सरकारला सक्तीने गाड्या परत बोलवायला लावता येतात. नियम १ एप्रिल २०२१ पासून लागू आहेत, दंड दहा लाखांपासून एक कोटीपर्यंत. पण ते सात वर्षांच्या आतल्या गाड्यांसाठी. तुमची २०११ ची त्यात बसत नाही. त्याने बिघडत नाही, कारण कंपनीने तुमचा चेसिस नंबर आपणहून यादीत घातलाय. काम फुकटच होतं, तुम्ही कितवे मालक हे कोणी विचारत नाही.

माझ्या मते कायद्यातली मोठी उणीव वेगळीच आहे. वेग ओलांडला तर ई-चलान बरोबर माझ्या मोबाइलवर येतं. आजचा मालक कोण हे सरकारच्या ‘वाहन’ पोर्टलवर नोंदलेलं असतं. मग रिकॉलची सूचना त्याच नंबरवर का येत नाही? सेकंड हँड गाडीवाले बहुतेक बाहेरच्या गॅरेजात जातात, त्यामुळे कंपनीकडे त्यांचा नंबर कधी पोचतच नाही, आणि जुन्या, जास्त धोक्याच्या गाड्या नेमक्या त्यांच्याकडेच असतात.

मेसेज मात्र शेवटपर्यंत वाचा, प्रत्येक रिकॉल सारखा नसतो. मारुतीने सप्टेंबर २०२१ मध्ये मोटर जनरेटर युनिटसाठी १,८१,७५४ गाड्या बोलावल्या, तेव्हा सांगितलं होतं की पार्ट बदलेपर्यंत पाणी साचलेल्या रस्त्यातून गाडी नेऊ नका. जानेवारी २०२३ मध्ये एअरबॅग कंट्रोलरसाठी १७,३६२ गाड्या बोलावल्या, तेव्हा तर बदलेपर्यंत गाडी चालवूच नका असं स्पष्ट म्हटलं होतं. तुमच्या मेसेजमध्ये असं काही लिहिलंय का ते बघा.

तुमची बिलाची भीती अगदीच खोटी नाही, हेही सांगायला हवं. रिकॉलला गेलात की ब्रेक पॅड झिजलेत, व्हील अलाइनमेंट करून घ्या, एसी क्लीनिंग राहिलंय, असं सुरू होतं. “फक्त कॅम्पेनचं काम करा” असं जॉब कार्डवर लिहून घ्या आणि सही त्यानंतरच करा. पार्ट शिल्लक नसेल तर तेही लेखी घ्या, मागे लागा आणि तोवर गाडी कमीत कमी बाहेर काढा. बाहेरच्या मेकॅनिककडून एअरबॅगची वायर काढून घेऊ नका, हा सल्ला तुम्हाला कोणीतरी देणारच. मेसेजमधल्या लिंकवर बोट ठेवू नका, फसवणुकीचेही मेसेज फिरतात. चेसिस नंबर आरसीवर असतो, तो कंपनीच्या अधिकृत साइटवर टाकून स्वतः खात्री करा.

राहिला पुढच्या वर्षी विकण्याचा प्रश्न. विकायची आहे म्हणून तर आधी करून घ्या. शून्य रकमेचं ते जॉब कार्ड गाडीच्या कागदांत ठेवा आणि घेणाऱ्याला दाखवा, लपवू नका. मालकी बदलाच्या फॉर्म २९ आणि ३० वर सह्या करायला बसाल त्याच बैठकीत, घेणाऱ्याच्या समोर, कंपनीच्या कस्टमर केअरला फोन लावा आणि तुमच्या किंवा जुन्या मालकाच्या जागी त्याचं नाव आणि मोबाइल नंबर चढवून द्या.