बळ असून न वापरणं

प्रश्न : सोव्हिएत संघाचे प्रमुख गोर्बाचोव्ह यांनी संयुक्त राष्ट्रांत शांततेच्या गप्पा मारल्या, फौज कमी केली आणि तीन वर्षांत देशच बुडाला. महासत्तेच्या प्रमुखानं असं करणं म्हणजे स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेणं नव्हे का?
– एक निवृत्त सैनिक

उत्तर : नुसत्या गप्पा मारणारा आकडे देत नाही. ७ डिसेंबर १९८८ रोजी न्यूयॉर्कमध्ये गोर्बाचोव्ह यांनी ते दिले. दोन वर्षांत ५ लाख सैनिक कमी, १० हजार रणगाडे कमी. पूर्व जर्मनी, चेकोस्लोव्हाकिया आणि हंगेरीतून सहा रणगाडा डिव्हिजन माघारी. समोरच्यानंही तेवढंच करावं, अशी अट नाही. मी तेव्हा वर्तमानपत्रात रात्रपाळीला होतो. टेलिप्रिंटरवर भाषण उतरत होतं आणि मधेच आर्मेनियातल्या, म्हणजे तेव्हाच्या सोव्हिएत संघातल्याच, भूकंपाच्या बातमीचे तुकडे येत होते. पान लावताना मुख्य मथळा कुठला, यावर आमचं भांडण झालं. तिथलं स्पिताक शहर भुईसपाट झालं होतं. मृतांचा आकडा पुढे २५ हजारांच्या आसपास गेला. गोर्बाचोव्ह दौरा आवरता घेऊन परतले. ज्या अमेरिकेवर क्षेपणास्त्रं रोखून धरण्यात सगळी कमाई घालवली, तिचीच मदत घेऊन विमानं आर्मेनियाची राजधानी येरेवानला उतरली.

देश त्या भाषणानं बुडाला असं म्हणणं म्हणजे डॉक्टरनं आजाराचं नाव सांगितलं म्हणून रोगी दगावला म्हणण्यासारखं आहे. सोव्हिएत तिजोरी ज्यांवर चाले, ते तेलाचे भाव १९८६ मध्येच कोसळले होते. अफगाणिस्तानातल्या युद्धानं नऊ वर्षांत १४ हजारांहून अधिक सोव्हिएत सैनिक खाल्ले होते. दुकानांपुढे रांगा होत्या. एवढे रणगाडे पोसायची ऐपतच उरली नव्हती. हे आधीच्यांनाही ठाऊक असणार. चारचौघांत बोलले ते गोर्बाचोव्ह.

तुम्ही फौजेत होता म्हणून एक प्रसंग मुद्दाम सांगतो. ९ ऑक्टोबर १९८९, पूर्व जर्मनीतलं लाइपझिग. संध्याकाळी सुमारे ७० हजार माणसं राजवटीविरुद्ध रस्त्यावर, पोलीस शस्त्रसज्ज, इस्पितळांत जादा रक्त आणून ठेवल्याची कुजबूज. पूर्व जर्मनीत तेव्हा तीन लाखांहून अधिक सोव्हिएत सैनिक होते. ते बराकीतच राहिले. १९५३ मध्ये याच देशात, १९५६ मध्ये बुडापेस्टमध्ये, १९६८ मध्ये प्रागमध्ये रणगाडे बाहेर पडले होते. या वेळी पडले नाहीत. प्रत्येक राष्ट्राला आपली वाट निवडायचा हक्क आहे, असं न्यूयॉर्कच्या भाषणात म्हटलं होतं. महिन्याभरात बर्लिनची भिंत पडली. बळ नव्हतं म्हणून हे झालं, असं कोण म्हणेल?

मात्र गोर्बाचोव्ह यांची आरती मी ओवाळणार नाही. बाहेर पाळलेला शब्द घरात पाळला गेला नाही. एप्रिल १९८९ मध्ये सोव्हिएत संघातल्याच जॉर्जियात, तिबिलिसीत, सैनिकांनी खंदक खोदायच्या फावड्यांनी निदर्शकांना मारलं, मेलेल्यांत बायकाच जास्त. जानेवारी १९९१ मध्ये लिथुआनियाची राजधानी विल्नियसच्या टीव्ही मनोऱ्यापाशी रणगाडे घुसले. हुकूम आपला नव्हता, असं गोर्बाचोव्ह सांगत राहिले. खोटं असेल तर शांततेचं भाषण पोकळ ठरतं. खरं असेल तर आणखी वाईट, कारण सरसेनापतीला न विचारता त्याची फौज गोळ्या घालत होती. माझा कौल दुसऱ्या बाजूला थोडा झुकतो. पण विल्नियसमध्ये ज्यांची मुलं गेली, त्यांना हा फरक सांगायला मी जाणार नाही.

प्रश्न : शांततेचं नोबेल घ्यायला गोर्बाचोव्ह स्वतः गेले होते का?

उत्तर : नाही. डिसेंबर १९९० मध्ये ओस्लोत त्यांच्या वतीनं उपपरराष्ट्रमंत्री कोवाल्योव्ह हजर होते. गोर्बाचोव्ह यांनी नोबेल व्याख्यान दिलं ते ५ जून १९९१ ला, विल्नियसनंतर. ऑगस्टमध्ये त्यांच्याच संरक्षणमंत्र्यासह जवळच्या माणसांनी त्यांना क्रिमियात नजरकैदेत ठेवलं आणि २५ डिसेंबरला त्यांनी राजीनामा दिला.