आठवण डोक्यात टिकते कशी?

प्रश्न: माह्या आजीले लग्नाच्या सालची ज्वारीची सोंगणी आठवते, पण सकाळी काय खाल्लं ते नाही. असं काहून? – एक वाचक, दारव्हा तालुका

उत्तर: भाऊ, आठवण पक्की व्हायला मेंदूत नवीन प्रोटीन बनावं लागतं, १९६३ मध्ये अमेरिकेतले संशोधक फ्लेक्सनर यांनी ते बनणं थांबवणारं औषध उंदरांच्या मेंदूत दिलं तर शिकलेलं गेलं. त्यातलं आर्क नावाचं प्रोटीन तर फारच भारी, ते नसलेले उंदीर शिकतात पण दुसऱ्या दिवशी विसरतात, अन् २०१८ मध्ये अमेरिकेतल्या युटा विद्यापीठात जेसन शेफर्ड यांच्या टीमला दिसलं की ते व्हायरससारखं कवच बनवून आरएनए (प्रोटीन कसं बनवायचं याचा पेशीतला निरोप) एका पेशीतून दुसरीत नेतं. रेट्रोव्हायरसचं (एचआयव्हीसारख्या व्हायरसच्या जातीचं) भाऊबंदच ते! तर आजीची जुनी आठवण कधीचीच पक्की झालेली असते, नवी पक्की होत नसेल. आजीला डॉक्टरला दाखवाच, नुसतं वय झालं म्हणून सोडू नका.